कुसुमकडे राहिलेली दादाची तबकडी

बायांनो, आज अचानक टपकली ती कुसुम, आमची लालबागच्या चाळीतली लहानपणची शेजारीण. गुडघे दुखतात म्हणते आणि तीन जिने चढून आली! मागून तिची सून, हातात रेकॉर्ड लावायचं नवं मशीन.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या घरी होत्या तशा जुन्या तबकड्या मी परत जमवतेय. खूळ म्हणा हवं तर. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात माझ्या दादाला गोळी लागली. घरी आणला, रात्रभर कण्हत होता, सकाळी गेला. आईने त्याच्या साऱ्या तबकड्या वरवंट्याने फोडल्या. "या घरात पुन्हा गाणं नाही," म्हणाली. ती होती तोवर लागलं नाही.

कुसुमने पिशवीतून एक तबकडी काढली. वर दादाचं नाव, त्याच्याच अक्षरात!

"आमच्या धाकट्या भावाच्या, बाळ्याच्या बारशाला मागून आणलेली गो, शालू. मग तुझ्या आईसमोर घेऊन यायची आमच्या आईची छातीच झाली नाही."

मी नाचायचीच बाकी होते. सुनेने लगेच लावली. पण जुनी तबकडी भरभर फिरावी लागते, हे मशीन हळू. गाणं कसलं, नुसतं कण्हणं.

"बाई रेड्यासारखी गातेय!" कुसुम हसत सुटली.

मला हसू येईना. म्हटलं, बंद कर गं.

"मावशी, माझ्या माहेरी चावीचा ग्रामोफोन आहे, तो आणते," सून म्हणाली.

आम्ही बसतो त्याच खोलीत आईचा फोटो आहे. तिच्यासमोर लावू का गं? लवकर सांगा. रविवारी येतायत दोघी.