बोटभर माया

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतले आणि तेवढीच वर्षं परसातली चिंच छाटली. कपड्यांच्या तक्रारी आल्या. चिंचेने कधी तोंड उघडलं नाही, म्हणून तिला ते आपलं सर्वात समाधानी गिऱ्हाईक मानत. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला, शिडी भिंतीला टेकून राहिली आणि चिंच तीन वर्षं मनाला येईल तशी वाढली. गेल्या महिन्यातल्या वाऱ्यात तिच्या एका फांदीने स्वयंपाकघराचे दोन पत्रे फोडले.

“मुळापासूनच काढू आता,” मुलगा म्हणाला. “पुढच्या वेळी कुणाचं तरी डोकं फुटेल.”

“आधी जाणत्या माणसाला दाखवू तर,” म्हणत सूनबाईने झाडं छाटणाऱ्या कंपनीला फोन लावला. जाणता माणूस घरातच बसलाय, हे मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण बोलायला गुडघे लागत नाहीत, चढायला लागतात.

शनिवारी सकाळी दोर, करवती आणि दोन गडी घेऊन चाळिशीतली एक बाई आली. मास्तरांनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. पँटच्या गुडघ्यांवर दुहेरी कापड, टीप सरळ. त्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळला.

तिने लाकडी हातोडीने खोड ठोकलं, कान लावून ऐकलं आणि दोर टाकून वर गेली. खाली मुलगा निकालाची वाट बघत उभा. मास्तरही वाटच बघत होते, फक्त खुर्चीवर बसून.

“आधी कोणाला बोलवायचात हो?” वरून आवाज आला.

“होता एक,” मास्तर सावधपणे म्हणाले. “का? बिघडवलंय का काही?”

“बिघडवतोय कसला! जुन्या कापांवर साल कशी गोल मिटलीय बघा. फांदीच्या बुडाशी फुगवटा असतो, तो राखून कापलं तरच असं भरतं. लोक खोडाला घासून कापतात, मग पाणी मुरतं नि कुजतं. त्याचा नंबर द्या, मला माणूस हवाच आहे.”

“हा काय, खुर्चीत बसलाय,” सूनबाई म्हणाली. “पण उठायलाच अर्धा तास घेतो, परवडेल का बघा.”

“काका, तुम्ही? शिकलात कुठे?”

“कापडाला शिवणीपुरती माया सोडतो, तशी हिलाही सोडली. बोटभर.” मास्तरांनी वर बोट दाखवलं. “डावीकडे ढोली आहे ना, तीही माझीच. पहिल्या वर्षी साफसुथरं दिसावं म्हणून माया ठेवली नव्हती.”

तिने ढोलीत हात घालून पाहिलं. “वरवरची आहे. खोड ठणठणीत आहे. पत्र्यावरच्या तीन फांद्या काढू, बास. झाड पाडायचं काही कारण नाही.”

मुलाने आधी पत्र्यांकडे पाहिलं, मग बापाकडे. “मी तेच म्हणत होतो,” तो म्हणाला. “कुठे कापायचं ते बाबा सांगतील.”

मास्तरांनी खिशातला बेतायचा खडू दोराला बांधून वर पाठवला. “जरा बाहेर. अजून. हां, तिथे!” तिने रेघ मारली, साल फाटू नये म्हणून आधी खालून काप घेतला, मग वरून. फांदी दोराला लटकत अलगद खाली उतरली. मास्तरांनी नुसती मान हलवली. दुसऱ्याच्या कापाला त्यांनी आजवर दिलेली ही सर्वात मोठी दाद होती.

निघताना ती खडू परत करू लागली.

“ठेवा,” मास्तर म्हणाले. “वरचं गिऱ्हाईक आता तुमचं.” आणि त्यांनी मुलाला हाक मारून शिडी आत ठेवायला सांगितली.