पहाड बसलेली खुर्ची

आमच्याकडे खुर्ची तयार झाली असं सुतार कधीच म्हणत नसत. पॉलिश सुकलं, गादी बसली, तरी ती कच्चीच. मग पहाड यायचा. आधी सरळ बसायचा, मग एका अंगावर कलून, मग पाठ मागे टाकून पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. सगळे श्वास रोखून बघत असायचे. खुर्ची गप्प राहिली तर तो तिला उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूला खडूने एक गोल काढायचा. गोल आला की खुर्ची पक्की, दुकानात मांडायला मोकळी. कुरकुरली तर तो नुसता "अं हं" म्हणायचा आणि ती करणाऱ्या सुताराचं तोंड एवढंसं व्हायचं. आणि मोडलीच तर पहाड फरशीवर, सुतार कपाळाला हात लावून, आणि मी जिन्यात पोट धरधरून हसते आहे, असा प्रकार.

मी इथे गाद्या शिवते. माझी खोली वर, अरुंद लाकडी जिन्याने चढून जायचं. वरून दुकान दिसतं आणि रस्ता दिसतो. मागचा कारखाना आणि गोदाम दिसत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे लोक मला विचारतातच, तुला कसं कळलं नाही म्हणून.

पहाड म्हणजे मालकाचा थोरला भाऊ. वडिलांनी दुकान दोघांना दिलं होतं. धाकट्याला जीभ मिळाली, थोरल्याला वजन. धाकटा गिऱ्हाइकाशी बोलायचा, कामं आणायचा, माणसं हाकायचा. थोरला बसायचा. दारावरच्या पाटीवरसुद्धा खुर्चीत बसलेला एक जाडा माणूस रंगवलेला होता आणि खाली लिहिलेलं, "पहाड बसला, म्हणजे झालं." लोक लांबून यायचे. "कुठेत तुमचे पहाड? आमच्यासमोर बसू दे त्यांना," म्हणायचे. तो बसायचा. लहान मुलं टाळ्या वाजवायची. तोही हसायचा, पण लोक गेल्यावर गुडघे चोळत राहायचा, ते मी वरून बघितलेलं आहे.

माझ्या खोलीत मात्र तो कधी आला नव्हता. जिना त्याला झेपायचा नाही. मी वरून गाद्या खाली टाकायची, तो खालून ओरडायचा, "गादीवाले, डोकं फोडशील कुणाचं तरी!"

मग गुडघे गेले. पाठोपाठ साखर आली, आणि झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवा, नाहीतर पुढचं काही धरून चालू नका. वहिनींनी, म्हणजे पहाडाच्या बायकोने, त्याच दिवशी मनाची तयारी केली. धाकट्याने केली नाही. तो दुकानात सगळ्यांसमोर रडला.

"दादा, तू बारीक झालास तर आपण लोकांना दाखवायचं काय?"

"मग काय, माझा फोटो दाखवायचास? हार घालून?" पहाड म्हणाला.

तेव्हा आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, भावाच्या जिवाची काळजी म्हणून रडतोय बिचारा. त्याचं वाक्य नीट ऐकायला हवं होतं.

ऑपरेशन झालं. पोटाचा मोठा भाग काढून केळ्याएवढं पोट ठेवलं, असं वहिनींनी मला हाताने करून दाखवलं. मी भेटायला गेले तेव्हा पहाड खिडकीपाशी बसून पाणी पीत होता. पीत होता म्हणजे, एक घोट घ्यायचा आणि मग गिळलेलं खाली पोचलं का याची वाट बघत बसायचा. ज्या माणसाला मी तांब्यामागून तांब्या घशात ओतताना पाहिलं होतं, तो! पुढे पातळ सूप आलं, मग भाज्या शिजवून गाळलेल्या, मग बाळाला भरवतात तसं मऊ काहीतरी. वहिनी समोर बसून चमच्याने वाढायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या चमच्याला तो हात आडवा धरायचा. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक त्याने चोरून खाल्ला. दरदरून घाम, छातीत धडधड, हातपाय गार. तासाभराने उठून बसला आणि म्हणाला, "जन्मभर ज्याच्यावर जीव टाकला, त्यानेच असा दगा द्यावा." तेही आम्ही हसण्यावारी नेलं.

वजन मात्र उतरत गेलं. केस गळले, कातडी लोंबली, अंगठी बोटातून निसटायला लागली म्हणून तिला दोरा गुंडाळला. भर उन्हात त्याला थंडी वाजायची. रस्त्यावर ओळखीचे लोक थांबून हळू आवाजात विचारायचे, "काय झालंय?" जाडा होता तेव्हा त्याच्या तब्येतीची चौकशी कधी कुणी केली नव्हती. पण तो रोज चालत होता, रात्री शांत झोपत होता, साखर ताब्यात आली होती. वहिनींचा जीव भांड्यात पडला होता.

कामावर परत आला त्या दिवशी मी शिवणाला वाकले होते. जिन्यावर पावलं वाजली, मान वर केली, तर दारात पहाड! किंचित धापा टाकत, पण उभा.

"गादीवाले, तुझ्याकडे खिडकी आहे हे कधी सांगितलं नाहीस!"

मी त्याला माझी खुर्ची दिली. मी कामाला लागले तेव्हाची जुनी खुर्ची, खाली त्याच्याच हातचा गोल. तो बसला आणि लगेच उठला.

"अगं, ही टोचते!"

"गादी आहे की तिला."

"मग?"

"तिला आहे. तुम्हाला राहिली नाही आता."

तो इतका हसला की टाक्यांच्या जागी हात धरावा लागला. मग एकदम गंभीर झाला. "इतकी वर्षं आपण लोकांना या लाकडावर बसवतो? आणि मला पत्ताच नाही." त्या आठवड्यात मला सगळ्या गाद्या जाड करायला लावल्या त्याने. मी खूप कुरकुर केली, पण मनातून मला बरं वाटत होतं.

खरी गोष्ट त्याच्या डोक्यात वेगळीच घोळत होती. तो भावाकडे गेला आणि सरळ म्हणाला, "आता माझ्या बसण्यात काही राम नाही. माझ्याखाली आता काहीही टिकेल. जेवढं वजन माझं गेलंय तेवढी वाळू गोण्यांत भरून घेऊ. मी आणि गोण्या मिळून पूर्वीचा पहाड. प्रत्येक खुर्ची रात्रभर गोण्यांखाली ठेवायची, सकाळी टिकली तरच मी बसणार."

धाकट्याने त्याला मिठी मारली. म्हणाला, "दादा, तुला डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हणून सांगितलंय. गोण्यांचं माझ्यावर सोड. मी स्वतः ठेवीन, मागे गोदामात. तू फक्त पुढे लोकांसमोर बस आणि तुझा गोल काढ. लोकांना त्याची सवय आहे."

पहाडाने स्वतः उभं राहून वाळू मोजून घेतली, गोण्या शिवून घेतल्या आणि गोदामात रचून घेतल्या. गोदामाची किल्ली धाकट्याकडे. रोज सकाळी धाकटा सांगायचा, "झाल्या, दादा. एकही कुरकुरली नाही." आणि पहाड बसायचा, गोल काढायचा. एकही खुर्ची परत जाईना. "आपले सुतार सुधारले," असं तो मला कौतुकाने सांगायचा. त्याने जाऊन बघितलं का नाही, असं पुढे लोकांनी विचारलं. सख्ख्या भावाने सांगितलेलं कोण तपासायला जातं?

मग वाचनालयाचं मोठं काम आलं. वाचनाच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या आमच्याकडून. खुर्च्या पसंत करायला तिथल्या ग्रंथपाल बाई स्वतः आल्या होत्या. अंगाने चांगल्याच भरलेल्या, बोलायला मोकळ्या. पहाडाला बघून त्या जरा हिरमुसल्या. "पाटीवरचे तुम्हीच का? मी तर तुमच्या भरवशावर आले हो." पहाड म्हणाला, "भरवसा तोच आहे बाई, माणूस तेवढा आटलाय." त्याने त्यांच्यासमोर बसून दाखवलं.

खुर्च्या गेल्यावर थोड्याच दिवसांनी बाई परत आल्या. हात गळ्यात अडकवलेला, मनगटाला प्लास्टर. दुकानात गिऱ्हाइकं होती, सुतार होते, मी खाली गाद्या द्यायला आले होते.

"मी बसले आणि मागचा पाय सांध्यातून निघाला," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "भरल्या खोलीत. लोक हसले. मला वाटलं माझ्याच वजनाने मोडली, म्हणून मी कुणाला बोलले नाही. काल आमचा शिपाई पडला. तो तर काडी आहे."

धाकटा तोंडभर साखर घेऊन पुढे झाला. आधी म्हणाला, खुर्चीलाही शेवटी मर्यादा असते.  मग त्याने एक खुर्ची उलटी केली, खालचा गोल दाखवला आणि आवाज हळू केला. हळू म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतका.

"तुमच्यापासून काय लपवायचं, बाई. तपासणी आमच्या दादाची. ही त्याचीच खूण. ऑपरेशन झाल्यापासून त्याचं काही खरं नाही. खाणं नाही, चक्कर येते, लक्ष राहत नाही. घरचाच माणूस, घरी बस म्हणून कसं सांगायचं? माणुसकी म्हणून ठेवलाय."

पहाड तिथेच उभा होता. हातात खडू.

मला वाटलं तो ओरडेल. मीच ओरडणार होते, जीभ शिवशिवत होती. तो फक्त हात पुढे करून म्हणाला, "गोदामाची किल्ली दे."

"आत्ता कशाला, दादा? नंतर बघू."

हात तसाच पुढे. सगळे बघत होते. धाकट्याने किल्ली दिली. पहाड मागे गेला, त्याच्यामागून मी गेले.

गोण्या त्याने रचून घेतल्या होत्या तिथेच, तशाच होत्या. वरच्या गोणीला मध्ये खळगा पडला होता आणि त्यात एक मांजर आपली पिल्लं घेऊन पडलं होतं. वरच्या झरोक्यातून आलं असणार. पिल्लांचे डोळे उघडले होते, एकमेकांवर चढत होती, शेपट्या चावत होती. किती दिवस लागतात पिल्लं एवढी व्हायला, ते मला सांगायची गरज नव्हती, त्यालाही नव्हती. बाजूला शिकंजे रिकामे पडले होते. सांध्याला सरस लावला की खुर्ची दिवसभर शिकंज्यात आवळून ठेवायची असते. आता ज्याला घाई आहे तो काढतो लवकर. पूर्वी अशी खुर्ची पहाडाखाली पहिल्या झटक्यात उघडी पडायची. आता उघडी पाडणारं कुणी नव्हतं. जो भाऊ त्याच्या वजनासाठी रडला होता, त्याला ते वजन गेल्याचा फायदा लवकरच कळला होता. केसाने गळा कापला, आणि वर रोज सकाळी "झाल्या, दादा."

पहाड बराच वेळ मांजराकडे बघत होता.  "मी याला कडेवर घेऊन शाळेत सोडायचो गं," म्हणाला. मग दार लोटून घेतलं, पिल्लांना वारा लागू नये अशा बेताने.

दुकानात बाई अजून उभ्याच होत्या. प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरत. धाकटा त्यांच्याकडे एक खुर्ची सरकवत होता. "बसा तरी, बाई."

"त्यावर नको," पहाड म्हणाला.

धाकट्याने दुसरी ओढली.

"त्यावरही नको."

भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या मांडलेल्या, आणि आख्ख्या दुकानात एका दुखावलेल्या बाईला बसायला जागा नव्हती. पहाड जिना चढून वर गेला. माझी खुर्ची खांद्यावर घेऊन खाली आला. पूर्वी ज्याला तो जिना नुसता चढता येत नव्हता, तो. त्याने ती बाईंच्या समोर ठेवली, त्यांना दिसेल अशी उलटी करून खालचा पुसट गोल दाखवला आणि सरळ केली.

"हिच्यावर बसा. ही माझ्या वजनाची आहे."

बाई बसल्या. हळूच बसल्या, मग सगळं अंग सोडून बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पहाडाने माझ्या हातातलं फडकं घेतलं, ओलं केलं आणि एकेक खुर्ची उलटी करून खालचे गोल पुसायला लागला. घाई केली नाही. गिऱ्हाइकं निघून गेली. धाकटा म्हणत होता, "दादा, काय चाललंय हे, लोक बघतायत. तू घरी जा, दमला असशील." पहाडाने शेवटचा गोल पुसला, खडू गल्ल्यावर ठेवला आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडला.

माझी खुर्ची मी बाईंबरोबर पाठवून दिली. दुकानातली दुसरी घ्यायला धाकटा सांगतो, मी खाली सतरंजीवर बसून शिवते. पाटी अजून तशीच आहे. लोक विचारतात, पहाड कुठेत? धाकटा मान हलवत सांगतो, "तब्येत बरी नसते त्याची." आणि रोज सकाळी मी खिडकीतून बघते, पहाड समोरच्या रस्त्याने ताठ चालत जातो. आमच्या दुकानापाशी आला की पलीकडच्या बाजूला जातो.