न विचारता सांगणारा काटा

साकीनाक्याला आमच्या मीटर-दुरुस्तीच्या गाळ्यात एक काका दर शनिवारी यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मुलुंडला सोसायटीच्या गच्चीवर ते स्वतःचं विमान बांधत होते, आणि त्याच्या टाकीतलं पेट्रोल मोजायला एकात एक बसवलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन यायचे. मधल्या फटीत पेट्रोल जितकं चढेल, तितका आमच्या मीटरचा काटा पुढे सरकायला हवा होता.

ते आधी नळीत फुंकर मारायचे, मग ती शर्टाच्या टोकाने पुसायचे. पेट्रोलची भीती, म्हणून चाचणी पाण्यावर. पहिल्याच पेल्याला काटा थेट टोकाला जायचा.

“वाट लागली,” म्हणत ते नळ्या गुंडाळायचे.

तिसऱ्या शनिवारी मी तोंड उघडलं. “काका, पाणी नको. त्यातून वीज एका नळीतून थेट दुसरीत जाते. रॉकेल घ्या, ते पेट्रोलसारखंच वागतं.”

“तुला आधीपासून ठाऊक होतं? मग गप्प का बसलीस गं?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

शेजारच्या चहावाल्याकडून रॉकेल आलं. पेल्यापेल्याने काटा शहाण्यासारखा चढला. पण काकांचा चेहरा खुलला तो रॉकेल काढून टाकल्यावर, काटा शून्यावर आला तेव्हा.

“गाडी बंद पडली तर ढकलता येते. विमान कोण ढकलणार?” ते म्हणाले. “हा काटा तुझ्यासारखा नको बाई. याने न विचारता सांगायला हवं.”

विमान उडालं की नाही, मला ठाऊक नाही. डिसेंबरातल्या त्या सोमवारी मात्र मी गाळ्याच्या साहेबांना न विचारताच सांगितलं, की आपला टेबल फॅन शॉक देतो.

“कधीपासून?”

“जूनपासून,” मी म्हणाले.