रेहानाभाभीची कोरी भिंत

नाशिकच्या दूध बाजारामागच्या गल्लीत नियाजभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर अख्खा दरबार भरलेला दिसतो. फेटे बांधलेले नवरदेव, निवडून आलेले नगरसेवक, दंड फुगवलेले पहिलवान, पदवीची काळी टोपी घातलेले लाजरे मुलगे. उजव्या हाताची भिंत मात्र कोरी. तिच्यावर साधा खिळासुद्धा नाही. नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, की ही भिंत मोकळी का ठेवली? मग नियाजभाई घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "मोकळी कुठे? ती आमच्या बेगमची आहे. जिल्ह्यातले सगळ्यात देखणे फोटो लागलेत तिच्यावर. तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच."

बेगम म्हणजे रेहाना. गल्लीपासून चांदवडपर्यंत सगळ्यांची रेहानाभाभी. लग्न होऊन ती या घरात आली, त्याच वर्षी चुलत नणंदेची मेहंदी होती. बायकांचा कार्यक्रम, पुरुषांना आत मज्जाव. नियाजभाई गळ्यात कॅमेरा अडकवून दाराशी असे उभे, जसा रंगून तयार झालेला नट विंगेत उभा आहे आणि त्याचा प्रवेशच कापला गेला आहे. शेवटी त्यांनी कॅमेरा काढून नव्या नवरीच्या गळ्यात घातला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि पडदा सोडला. त्या पडद्याआड जी गेली, ती तिथलीच झाली.

बायकांच्या कार्यक्रमाला बाईच फोटो काढणारी मिळते, हे कळायला वेळ लागला नाही. मेहंदी, हळद, डोहाळजेवण, बारसं. मुसलमानांच्या घरून बोलावणं यायचं, तसं द्राक्षबागायतदार पाटलांच्या घरूनही. पण लोक तिला बोलवायचे ते नुसत्या फोटोसाठी नव्हे, तिच्या रिवाजासाठी. कार्यक्रम संपला की भाभी कॅमेऱ्यातलं कार्ड काढायची आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईच्या तळहातावर ठेवायची. ती बाई ते कधी दागिन्यांच्या डब्यात टाकायची, कधी हळदीकुंकवाच्या कोयरीत. रोलच्या काळात भाभी लॅबमध्ये जाऊन बसायची, प्रिंट निघेपर्यंत हलायची नाही आणि निगेटिव्हसकट पाकीट त्या घरी पोचवायची. स्वतःकडे काही म्हणून ठेवायची नाही. म्हणून बायका तिच्यासमोर पदर खोचून नाचल्या, रडल्या, नवऱ्यांच्या नकला करून लोळून हसल्या. आणि म्हणूनच तिची भिंत कोरी राहिली.

आता गुडघे कुरकुर करू लागले होते. चांदवडच्या एका हळदीत ती स्टुलावर चढली आणि उतरता येईना, तेव्हा चार जणींनी तिलाच नवरीसारखं उचलून खाली घेतलं. हसली सगळ्यांबरोबर, पण घरी येताना वाटभर गुडघे चोळत होती. नेमकी त्याच सुमारास आरोही आली. पंचवटीतली मुलगी, लग्नांचे फोटो काढायची, हात चांगला. तिच्यासारख्या आणखी दोघी होत्या. तिघींचं एकच म्हणणं होतं, की भाभीने आम्हाला शिकवावं.

भाभीने चहा दिला आणि नकार दिला. शिकवायचं म्हणजे काहीतरी दाखवावं लागतं, आणि माझ्याकडे दाखवायला एकही फोटो नाही, असं तिने सांगितलं. खरं कारण तिने रात्रीच्या जेवणावर नवऱ्याला सांगितलं. या पोरींचं अर्धं आयुष्य मोबाईलवर. उद्या एकीने कुणाच्या सुनेचा नाचतानाचा फोटो स्टेटसला टाकला, तर माझ्यासाठी उघडलेली सगळी दारं एका दिवसात बंद. नियाजभाईंनी भाकरी मोडत म्हटलं, "आणि शिकवलं नाहीस तर? दारं उघडी राहतील आणि आत जाणारी कुणी नसेल. मग मीच नेसतो साडी."

त्या हसण्यातून एवढंच निघालं, की आरोहीला एकदा बरोबर न्यायचं, बघायचं, मग ठरवायचं.

पिंपळगाव बसवंतला कुसाबाईंच्या नातसुनेचं डोहाळजेवण होतं. कुसाबाई म्हणजे घरातला खडा पहारा. त्यांचा मुलगा दीपक, स्वतः आजोबा व्हायला आलेला, अजून आईची चाहूल लागली की बोलता बोलता फोन ठेवून द्यायचा. भाभीच्या गुडघ्यांमुळे त्या दिवशी कॅमेरा आरोहीचा होता. निघताना भाभीने कोरं कार्ड तिच्या हातात दिलं. वाटेत एकच सूचना केली, की पोचल्यावर आधी जेवायचं, कॅमेरा पिशवीतच राहू द्यायचा.

आरोहीला ते काही पटलं नव्हतं. फुलांचे दागिने ताजे होते, उजेड छान होता, आणि ही बाई पंगतीत बसून वांग्याच्या भाजीची चौकशी करत होती. पण तास गेला आणि बायका पाहुणीला विसरल्या. नातसुनेने झाकलेली वाटी उघडली, खाली बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून कल्ला झाला. आणि मग कुसाबाई आत गेल्या त्या सोंग घेऊन बाहेर आल्या. धोतर, टोपी, काजळाच्या मिशा. कांद्याच्या लिलावात व्यापाऱ्याशी भांडणारे आपले दिवंगत मालक त्यांनी असे उभे केले, की सुनांनी भिंती धरल्या. आरोही कधी उठली, कधी गुडघ्यावर बसली, तिचं तिलाच कळलं नाही. संध्याकाळी तिने कार्ड काढून भाभीला दिलं, भाभीने ते कुसाबाईंच्या तळहातावर ठेवलं. सगळं रीतीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नियाजभाई शटर वर करत होते, तेव्हा आरोही पायरीवर बसलेली होती. डोळे सुजलेले. तिने मूठ उघडली. आत आणखी एक कार्ड.

भाभीला आधी काही उलगडेना. तिच्या जुन्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसतं. आरोहीच्या कॅमेऱ्यात दोन बसतात, आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. एका लग्नात कार्ड बिघडून तिची फजिती झाली होती, तेव्हापासून दुसरं कार्ड कायम आत असतं, इतकं अंगवळणी पडलेलं, की काल ते आहे हेच ती विसरली होती. घरी जाऊन कॅमेरा कॉम्प्युटरला लावला, तर सगळं डोहाळजेवण समोर.

"बघितलेस?" भाभीने विचारलं.

"बघितले." आरोहीने मान खाली घातली. "पुसायला बसले होते भाभी. हात होईना. असे फोटो मी आजवर काढले नव्हते."

नियाजभाईंनी हळूच सुचवलं, की इथेच पुसून टाका, विषय मिटला, कुणाला कळायचंय? भाभीने कोऱ्या भिंतीकडे बघितलं. कुणाला कळणार नव्हतं, हे खरं. आणि कार्ड कुणाला न कळता फोटो काढणारीच्या घरी राहू शकतं, हेही आता खरं होतं. तिने पर्स उचलली. "चल," ती आरोहीला म्हणाली, "जिचं आहे तिच्या हातात देऊ. मग ती काय म्हणेल ते."

पिंपळगावला कुसाबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. भाभीने काही न लपवता सगळं सांगितलं. चूक पोरीची नाही, तिला आणणाऱ्या माझी आहे, हेही सांगितलं. कुसाबाईंनी लसणाचं सूप बाजूला सारलं आणि आरोहीकडे नजर रोखली.

"माझं सोंग हाय का त्यात?"

"आहे, आजी."

"दाखव."

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आरोहीने तो फोटो आणला. टोपी तिरकी, एक मिशी अर्धी पुसलेली, बोट समोर नसलेल्या व्यापाऱ्याच्या नाकावर रोखलेलं, आणि त्या सगळ्यातून फुटून आलेलं बोळक्या तोंडाचं हसू. मागे सुना एकमेकींच्या अंगावर कोसळलेल्या. कुसाबाईंनी कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला.

"दीपकनं माझा एक फोटो काढून ठेवलाय," त्या म्हणाल्या. "हार घालायला. तोंड असं, जसं काय सावकार दारात आलाय. मी म्हनलं, मेल्यावर तरी मला हसू द्या की." मग भाभीकडे वळल्या. "पोरींना शिकवायचं नाय म्हनतीस, असं कानावर आलं."

"भीती वाटते, कुसाबाई. तुमच्यासारख्या घरांची."

"आन तू थकलीस, तर आमच्या घरात कोन येनार? बाप्ये?" त्यांनी आरोहीला कॅमेऱ्यातलं कार्ड काढायला लावलं, घेऊन कमरेच्या पिशवीत टाकलं. मग परत बाहेर काढलं. "ही आपल्या पायानं परत आली. शिकव हिला. आन हा एक फोटो काढून घे, तुझ्या भिंतीला लाव. शिकनाऱ्या पोरींनी बघू दे, बाई हसती कशी ते. पर पडदा लावून. बाप्या मानसाची नजर नाय पडली पायजे."

परतीच्या वाटेवर, ओझरच्या पुढे कधीतरी, भाभीने विचारलं, की त्या बाकीच्या दोघींना कोणता वार सोयीचा आहे.

आता नियाजभाईंच्या स्टुडिओत उजव्या बाजूला कायम जाड निळा पडदा ओढलेला असतो. मंगळवारी दुपारी त्याच्यामागे तीन मुली आणि भाभी. पहिला धडा कॅमेऱ्याची सगळी झाकणं उघडून आत काय काय आहे ते एकमेकींना दाखवण्याचा झाला. भाभीनेही आपला जुना कॅमेरा उघडून मांडला. दुसरा धडा जेवणाचा होता. बाकीच्या घरांना हे कळलं, तशी कुणी बारशातला एक फोटो पाठवला, कुणी मेहंदीतला, प्रत्येक घराने स्वतः निवडलेला. भिंतीवर खिळे वाढत चालले आहेत. मधोमध कुसाबाईंच्या दीड मिशा.

नियाजभाई चहाचा ट्रे घेऊन पडद्यापाशी येतात आणि खाकरतात. आतून हसण्याचा लोट येतो. ते ट्रे स्टुलावर ठेवून काउंटरवर परततात. एखादं गिऱ्हाईक विचारतंच, की पडद्यामागे काय आहे?

"आमच्या बेगमची भिंत," ते म्हणतात. "मी अजून बघितलेली नाही. पण जिल्ह्यातले सगळ्यात देखणे फोटो आहेत तिच्यावर."