श्रीरंग आणि छातीचा एक्स-रे

श्रीरंग गेल्याचं मला मोबाइलवरच्या ग्रुपमधून कळलं. हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली होती आणि रांगेत सर्वांत पुढे आमचा जुना मॅनेजर. शारजातल्या शोकसभेतही पहिला तोच उठला. म्हणाला, "श्रीरंगने माझ्या हाताखाली एकही सिक लीव्ह घेतली नाही." लोकांनी माना डोलावल्या. त्याच्या हातातला माइक काढून घ्यावा, असं मला फार वाटलं. घेतला नाही. इतकी वर्षं मान खाली घालून नोकरी केलेल्या माणसाचा हात माइकपर्यंत जात नाही.

त्या न घेतलेल्या रजेचं सांगतो. दोन हजार नऊची सुरुवात. मंदीने दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबलेल्या. आमच्या कंपनीत आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी दुपारी एचआरचा फोन यायचा, ज्याला आला तो खलास. श्रीरंग प्लॅनिंग इंजिनिअर, मी शेजारच्या टेबलावर. बुधवारी रास अल खैमाच्या साइटवर त्याच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला. या शहाण्याने ॲसिडिटीची गोळी घेतली आणि गुरुवारी ऑफिसात हजर! चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने ओला. मी म्हटलं, "अरे, हॉस्पिटलला चल." तर म्हणे, "आज उठलो तर माझंच नाव लागेल. पाच वाजू दे." पाच वाजले, फोन आला नाही, आणि मग हा विजयी वीर टॅक्सीने हॉस्पिटलात गेला. नोकरी वाचली, हृदयाचा एक तुकडा मेला. पुढचे दिवस त्याने हक्काच्या सुट्टीत बसवले, ऑफिसात सांगितलं भाचीचं लग्न आहे. मॅनेजरने पेढे मागितले.

मेलेला तुकडा नुसता पडून राहत नाही, हे पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वर्षांनी इको करून सांगितलं. पुण्याचे अशासाठी, की इथे तपासलं तर फाइल होते आणि ती कंपनीपर्यंत पोचते! उरलेलं हृदय जादा ओझं ओढून ताणलं होतं, फुगलं होतं, भिंत पातळ झाली होती. शिवाय डाव्या कप्प्याच्या दोन बाजू एकदम आवळत नव्हत्या, एक आधी, दुसरी मागाहून. "दोघांनी कपाट उचलायचं आणि एकाने उशिरा जोर लावायचा, तसं चाललंय तुमचं," डॉक्टर म्हणाले. उपाय होता. तीन तारांचा पेसमेकर बसवायचा, तो दोन्ही बाजूंना एकाच वेळी आवळायला लावतो. श्रीरंगने परत आल्यावर कॅन्टीनमध्ये मला विचारलं, "काय करू रे?" आणि ज्याला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नाही, त्या मी बिर्याणी खाता खाता निकाल दिला, "व्हिसाच्या मेडिकलला छातीचा एक्स-रे असतो बाबा. यंत्र दिसलं की अनफिट. फॅमिलीसकट इंडिया." झालं. मेधावहिनी रडल्या, भांडल्या, पण याचं एकच, "रिन्यू होऊ दे एकदा. पुढच्या सुट्टीत बघू, इन्शाल्ला." मग त्याच्या पुढच्या सुट्टीत... शेवटी शेवटी चार पायऱ्या चढला की थांबायचा आणि मोबाइल बघण्याचं सोंग करायचा. मला त्याचा संताप यायचा. पासपोर्टवरच्या एका शिक्क्यापायी माणूस इतका भित्रा होतो?

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझंच मेडिकल आलं. एक्स-रेवाल्याला विचारलं, "भाईसाब, किसी की छाती में पेसमेकर हो तो?" तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तो क्या? आते रहते हैं. हम फेफड़ा देखता है, टीबी के लिए. यल्ला, साँस रोको."

त्या संध्याकाळी मी मेधावहिनींना सामान बांधायला मदत करायला गेलो. त्या पुण्याला परत निघाल्या होत्या. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "भावजी, ते एक्स-रेचं खूळ यांच्या डोक्यात कोणी घातलं असेल हो?" मी खोक्याला टेप लावत म्हणालो, "कॅन्टीनमध्ये लोक काय, काहीही बोलतात."

त्या मॅनेजरला मी मनात लाखोली वाहिली, श्रीरंगला भित्रा म्हटलं. आणि स्वतः टेप लावत बसलो. वहिनी, पुण्याच्या पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते, म्हणून इथे लिहितो. ते लोक वगैरे कोणी नव्हते. त्या दिवशी कॅन्टीनच्या टेबलावर आम्ही दोघंच होतो.