योगेंद्रच्या हौदावर

गोहलपुरात वसुधाबाईंच्या दोन सांडण्या, म्हणजे उंटिणी, साऱ्यांना ठाऊक. रेल्वेतून निवृत्त झालेल्या नवऱ्याने त्या राजस्थानी मेंढपाळांच्या डेऱ्यावरून आणल्या आणि वर्षभरात तो गेला. तेव्हापासून लग्नाच्या वरातींत दोर धरून बाईच पुढे चालतात.

शेजारच्या योगेंद्रने डेअरीचं कुंपण हातभर सरकवलं आणि बाईंच्या जागेत गुरांसाठी हौद बांधला. बाई कोर्टात गेल्या नाहीत. रोज सकाळी त्याच्या देखत दोन्ही सांडण्या त्याच हौदावर नेऊन पाजू लागल्या.

"दीदी, घरी नळ नाही का?"

"आहे ना. पण जमीन माझी, म्हणून पाणीही माझं. तू काहून जळून राहिला?"

दोन वर्षं हा नेम मोडला नाही. सांडणी तेरा महिने गर्भ वागवते. मोठ्या कस्तुरीचा नवव्यातच पडला. बाई रडल्या नाहीत. योगेंद्रनेच विष घातलं, हे त्यांनी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. गर्भ बर्फात घालून तपासणीला नेला. त्याला तुरुंग दाखवणारा कागद त्यांना हवा होता.

कागद आला. डॉक्टर मैत्रेयी म्हणाल्या, "विष नाही, काकू. हा गाईंचा विषाणू. एखादं वासरू पोटातूनच तो घेऊन येतं आणि जगेल तोवर लाळेतून पसरवतं. सांडण्या गाईंच्या हौदावर जात होत्या का?"

बाईंना योगेंद्रचं खुरटं वासरू दिसलं, हौदात तोंड बुडवून लाळ गाळणारं. आणि शेजारी दोर धरून उभ्या त्या स्वतः. मान ताठ करून.

"धाकटीही गाभण आहे ना? तिला आजच लांब न्या. आणि डेअरीवाल्याला सांगा, ते वासरू तपासून वेगळं बांधायला. नाहीतर त्याच्याही गाईंचे गर्भ पडतील."

"सांगते," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी धाकटीला घेऊन त्या विजय नगरापलीकडे भाच्याच्या मोकळ्या प्लॉटकडे निघाल्या. फाटकात योगेंद्र उभा. मागे सहा गाभण गाई. वासरू कोपऱ्यात बांधलेलं.

"दीदी, रिपोर्ट में क्या निकला? माझं नाव तर नाही ना आलं?"

बाईंनी कागद पदराखाली सारला.

"नाही रे. माझंच नशीब. पण तुझं वासरू फार सुकून राहिलं. बांधून काहून ठेवतो? सोडत जा गाईंमध्ये."

"चलो, तुम्ही म्हणता तर." त्याने दावं सोडलं.

वासरू हौदापर्यंत पोचेतो बाई थांबल्या. मग धाकटीचा दोर ओढून चालू लागल्या.