काडीचा रकाना

माझं काम घरात कुणाला समजावून सांगता येत नाही, याची मला बरीच वर्षं खंत होती. उंब्रजपासून थोडं आत आमचं गाव. कंपनी पुण्यात, आणि मी माडीवर बसून तिचं काम करतो. काम म्हणजे इतरांची कामं पुढं सरकतायत की नाही ते बघणं. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक बोर्ड असतो. बोर्डावर उभे रकाने: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, चिठ्ठीवर ते करणाऱ्याचं नाव, आणि काम पुढं गेलं की चिठ्ठी ओढून पुढच्या रकान्यात टाकायची. रकाने हवे तसे वाढवता येतात, नावं बदलता येतात. वडिलांनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मुकादम की रं. मग बांधावर हुबा ऱ्हा, माडीवर काय करतोयस?"

ते मला लागलं. मनातून मी संधीच शोधत होतो, आणि मागच्या वर्षी हळदीच्या वेळी ती मिळाली.

आमच्या भावकीत पाच घरांचा पैरा आहे. आज सगळी घरं मिळून एकाच्या रानात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, मग पॉलिश करून सांगलीला पाठवायची. शिजवायचा कुकर पाचांत एकच. चाकांवरची टाकी, तिला जोडलेले वाफेचे ड्रम. त्यामुळं आज कुणाचं काय चाललंय याचा दरवर्षी गोंधळ उडतो आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. मी म्हटलं, हे तर माझंच काम.

दोन दिवस बसून बोर्ड तयार केला. रकाने मराठीत पाडले: काढणी, शिजतंय, वाळवण, पॉलिश, झालं. सगळ्यांच्या मोबाईलवर टाकून दिला, आणि खळ्यावरच्या शेडमध्ये माझा जुना मॉनिटर खिळ्याला टांगला. ट्रॅक्टर कोण आणणार, जळण कोण फोडणार, पाला कोण कापणार, प्रत्येक चिठ्ठीवर नाव. एक ड्रम शिजायला किती वेळ लागतो तेही इंटरनेटवर बघून घातलं, वेळ भरला की मोबाईल वाजायचा. फौजेतून परत आलेला माझा चुलतभाऊ, ज्याला सगळे फौजीच म्हणतात, तो तर खूश झाला. काम सुरू करायच्या आधीच चिठ्ठी 'झालं'मध्ये टाकून मोकळा व्हायचा आणि वर मलाच विचारायचा, "रिपोर्ट बघितलास का, गड्या?"

मॉनिटर टांगला त्या दिवशी थोरली काकू आली होती. वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते गेल्यापासून तिनं रान वाट्यानं दिलंय, स्वतःची हळद नाही. ती मॉनिटरसमोर उभी राहिली आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं वाचावं तसं बोट हवेत धरून वरपासून खालपर्यंत वाचत गेली. मग पुन्हा एकदा वाचलं. तशीच घरी गेली. मला वाटलं, चाट पडली.

पहिली पाळी आमच्या घराची होती. कुकर पेटला, ड्रम भरले, मोबाईल वाजला की ड्रम उतरायचे. वाफेचा तो मातकट गोड वास सगळ्या खळ्यावर पसरला होता. इतकं बिनबोभाट काम आमच्या भावकीत मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी ओरडत नव्हतं. दोन दिवसांत सगळ्या चिठ्ठ्या वाळवणात गेल्या. मी मॉनिटरवर बसलेली पिवळी धूळ रुमालानं पुसत होतो आणि मनात वडिलांना उत्तर देत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी वाळत घातलेल्यातलं एक हळकुंड उचललं आणि मोडलं. मधे फिक्कट गाभा. दुसरं मोडलं, तेही तसंच. असलं हळकुंड पॉलिशच्या ड्रममध्ये गेलं की तुकडे होतात, आणि राहिलेल्याला कीड लागते.

"काडी कुनी टोचली हुती?" त्यांनी विचारलं.

फौजीनं माझ्याकडं बघितलं, मी मोबाईलकडं. मग त्यांनी चारी बाजूला बघितलं आणि विचारलं, "वैनी कुटं हायत?"

आमच्याकडं हळद शिजली की नाही हे काकू ठरवते. तुराटीची टोकदार काडी ती शिजत्या हळकुंडात टोचते, आणि ती कशी आत जाते त्यावरून सांगते, उतरवा, नाहीतर थांबा. मी लहान असल्यापासून असंच चाललंय. फौजीला वाटलं होतं ती सांगलीला लेकीकडं गेली. माझ्या आईला वाटलं तिला बरं नाही. मला तर ती आलेली नाही हेच जाणवलं नव्हतं.

मी तावातावानं तिच्या घरी निघालो. मनात हेच, की सगळं बोर्डावर लिहिलेलं, घर चार पावलांवर, हिला यायला काय झालं होतं? ती ओट्यावर बसली होती. पदर खोचलेला, धूळ बसू नये म्हणून डोक्याला फडकं बांधलेलं, शेजारी तासलेल्या काड्यांची जुडी.

"काकू, आली का न्हाईस गं?"

"बोलावलं कुनी?"

पैऱ्याची रीत अशी की आदल्या दिवशी ज्याचं काम त्या घरचं माणूस प्रत्येक दारात जातं आणि सांगतं, 'उद्या आमच्याकडं.' दारात जाऊन सांगितल्याशिवाय कुणी येत नाही, आणि सांगितल्यावर कुणी राहत नाही. पहिली पाळी आमची, म्हणून सांगायचं काम आमच्या घराचं, म्हणजे माझं होतं. मी सगळ्यांच्या मोबाईलवर मेसेज टाकला होता. काकूकडं बटणांचा फोन आहे.

"बोर्ड बघितलास की तू," मी म्हणालो. आवाज अजून चढलेलाच होता.

"बघितला म्हनूनच आले न्हाई. दोनदा वाचला बग. समद्यांची नावं हायती. जळान फोडनाऱ्याचं हाय, पाला कापनाऱ्याचं हाय. माजं न्हाई. म्हनलं, आता मोबाईल वाजतोय, म्हातारी कशाला लागतीया." तिनं फडक्याची गाठ उगीच पुन्हा आवळली. "तरी रोज आवरून बसत हुते. कोन आलंच सांगाय, तर."

पाच घरांच्या पैऱ्यात तिचं स्वतःचं असं एवढंच उरलं होतं, आणि तेच मी माझ्या हुशारीत पुसून टाकलं होतं. मला फार लाज वाटली. ती कबूल करायचाही धीर होईना, म्हणून मी नुसतंच म्हणालो, "चल काकू. हळद कच्ची ऱ्हायलीया."

"कच्ची?" ती अशी उठली, की मला वाटलं हिला कच्च्या हळदीचा आनंदच झाला. बहुतेक झालाच असावा. "मग बसलायस काय, ऊठ!" मी उभाच होतो.

खळ्यावर येऊन तिनं आठ-दहा हळकुंडं मोडून बघितली. "अजून वली हाय. सावडा आन् परत वाफ द्या," म्हणाली. सगळे लागले कामाला, आणि नेहमीसारखं एकमेकांवर ओरडायलाही लागले. मला बरं वाटलं.

दुपारी भाकरी खाऊन मी बोर्ड उघडला आणि शिजतंय आणि वाळवण यांच्या मधे एक रकाना वाढवला. त्याचं नाव काडी. ड्रमची प्रत्येक चिठ्ठी त्यात अडायची आणि काकूशिवाय कुणाला ती पुढं ढकलता येणार नाही असं करून ठेवलं. ती माझाच मोबाईल घ्यायची आणि हळदीच्या अंगठ्यानं चिठ्ठी ओढायची. फौजीला घाई असायची. "काकू, झालं की आता, टाक पुढं." ती म्हणायची, "थांब रं. तुज्या पल्टनीत चालत आसंल आसलं." माझ्या मोबाईलचं कव्हर अजून कडेला पिवळं आहे.

पाचही घरांची हळद नीट झाली. शेवटचा टेम्पो सांगलीला गेला तेव्हा काकू पुढच्या सीटवर बसून लेकीला भेटायला गेली आणि येताना सगळ्यांना भडंग घेऊन आली. वडिलांनी पुडा फोडता फोडता मला एवढंच म्हटलं, "मुकादमा, घे."

यंदा बोर्डाला हात लावायच्या आधी मी तिच्या दारात गेलो. गुरुवार होता, कुकर पेटायला अजून चार दिवस होते. काकू ओट्यावर बसली होती. पदर खोचलेला, डोक्याला फडकं, शेजारी नव्या काड्या.

"काकू, सोमवारी आमच्याकडं," मी म्हणालो.

"व्हय, येते की."

"मग आजच का गं आवरून बसलीस?"

"तुमी सांगाय कवा येशीला, काय ठावं," ती म्हणाली. "आन् नेमकी मी घरात नसले, म्हंजे?"